थंड खोलीत ठेवूनही गुलाब आणि आंबे सडतात, ते का?

पहाटतोडणी
प्रश्न सरळ मांडतो. गुलाब पहाटे काढले, तासाभरात पाण्यात ठेवले, प्रतवारी करून प्लॅस्टिकच्या बाहीत गुंडाळले, खोक्यात भरले आणि ४ अंशांच्या खोलीत रचले. तिसऱ्या दिवशी खोका उघडला की बाहेरच्या पाकळ्यांवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके. पाचव्या दिवशी पाकळ्यांच्या बुडाशी करडी लव. त्याच खोलीत पक्व पण हिरवे आंबे ठेवलेले असतात. ते दिसायला स्वच्छ असतात, पण बाहेर काढून पिकायला ठेवले की काळे डाग येतात आणि देठाकडून कूज उतरते.

माझा समज असा की थंडी कमी पडते, खोली २ अंशांवर न्यायला हवी. दुसरा सल्ला मिळतो तो काढणीच्या आदल्या दिवशी बुरशीनाशक जोरात मारण्याचा. दोन्हींत कितपत तथ्य आहे?

थंडोबा
थांबा थांबा. आंबा आणि गुलाब एकाच खोलीत?? आणि तेही ४ अंशांवर?

गुलाबाला ० ते २ अंश हवेत. पक्व हिरव्या आंब्याला १२ ते १३. तुमचे ४ अंश गुलाबाला जास्त आणि आंब्याला जीवघेणे. खोली २ वर नेलीत तर आंब्याचं आणखी वाटोळं होईल. थंडीची इजा झालेलं फळ खोलीत असताना निरोगीच दिसतं. बाहेर काढलं की सालीवरची रंध्रं काळी पडतात, खळगे दिसतात, रंग धड भरत नाही, आणि मेलेल्या सालीतून बुरशीला आयता दरवाजा मिळतो. म्हणजे आंब्याच्या डागांपैकी काही रोगाचे असतील आणि काही तुमच्या खोलीचेच.

शंकासुर
आंब्याला सर्दी झाली आणि गुलाबाला ताप आला. एकाच दवाखान्यात भरती केल्यावर आणखी काय होणार! (ह.घ्या.)

बुरशीमित्र
शंकासुर, विनोद नकळत मुद्द्यावर आलाय. दोन पेशंट वेगळे आणि दुखणीही वेगळी, तेव्हा वेगवेगळं बोलू.

गुलाबावरचं लक्षण करड्या बुरशीचं, म्हणजे बोट्रायटिस सिनेरियाचं. तिच्याबद्दल पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की ती ० अंशालाही वाढते. सावकाश, पण वाढते. त्यामुळे "थंडीने बुरशी मरते" हे डोक्यातून काढून टाका. थंडीने फक्त घड्याळ हळू होतं.

दुसरी गोष्ट, तिला रुजायला पाकळीवर पाणी लागतं. नुसती दमट हवा पुरत नाही असं नाही, पण सुईच्या टोकाएवढा थेंब मिळाला तर साधारण २० अंशांना काही तासांत बीजाणू अंकुरतो आणि पाकळीत शिरतो. पाकळीची साल ती काय, कागदाहून पातळ. तिसऱ्या दिवशी दिसणारा ठिपका बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, कधी कधी शेतातच लागलेला असतो. पहाटेची काढणी म्हणजे फुलावर दंव. ते दंव सुकायच्या आत फूल प्लॅस्टिकात गेलं की काम तमाम.

म्हणून शोध तापमानाचा नाही, थेंबाचा घ्यायचा. थेंब कुठून आला?

पहाटतोडणी
दंव पुसणं शक्य नाही. पण प्रतवारीपर्यंत फुलं कोरडी दिसतात. मग खोक्यात थेंब येतो कुठून?

बुरशीमित्र
तुमच्याच बाहीतून. चित्र डोळ्यांसमोर आणा. फूल २४ अंशांचं आहे, श्वास घेतंय, पानांतून बाष्प सोडतंय. त्याला प्लॅस्टिकच्या बाहीत गुंडाळलं आणि आतली हवा बाष्पाने भरली. खोका थंड खोलीत गेला. फुलाआधी प्लॅस्टिक थंड होतं, कारण ते पातळ. आतली गरम दमट हवा थंड प्लॅस्टिकला लागते आणि आतल्या बाजूला दव धरतं. ते ओघळून पाकळीच्या कडेला थांबतं. ठिपके बाहेरच्या पाकळ्यांवर आणि कडांना जास्त दिसत असतील तर हेच घडतंय.

उपाय क्रम बदलण्याचा आहे. आधी फूल थंड करा, मग बाही घाला. ते जमत नसेल तर भोकं पाडलेली बाही, वरून उघडी.

क्रेटकरी
+१. यात भर. शीतगृहात ठेवणं आणि थंड करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बंद खोके एकावर एक रचले तर मधल्या खोक्यातल्या फुलाला थंड व्हायला अख्खा दिवस लागू शकतो. पंख्याने हवा ओढून घेणारं प्रीकूलिंग केलं तर तेच काम साधारण तासाभरात होतं.

हिशोब असा. फूल २६ अंशांचं, हवा २ अंशांची, फरक २४. हा फरक निम्मा व्हायला समजा २० मिनिटं लागली, तर २० मिनिटांनी फूल १४ वर, ४० मिनिटांनी ८ वर, ६० मिनिटांनी ५ वर येतं. इथे सात-अष्टमांश उष्णता निघालेली असते, हाच थांबायचा टप्पा. पुढचे दोन-तीन अंश खोलीत आपोआप उतरतात. त्यांच्यासाठी पंखा चालू ठेवला तर फूल वाळतं.

खोक्याच्या दोन्ही टोकांना भोकं हवीत, त्या बाजूच्या क्षेत्रफळाच्या साधारण ५ टक्के तरी, आणि रचताना एका खोक्याचं भोक दुसऱ्याच्या भोकासमोर यायला हवं. एवढं साधं असून हमखास चुकतं ते हेच. भोकावर लेबल चिकटवलेलं असतं!

थंडोबा
आणि खोलीचं तापमान किती हलतं तेही बघा. २ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो) साधारण १.३ अंशांवर असतो. म्हणजे फुलाचा पृष्ठभाग हवेपेक्षा पाऊण अंश जरी थंड राहिला तरी दव धरतं. थर्मोस्टॅट दीड-दोन अंशांच्या फरकाने चालू-बंद होत असेल, किंवा डीफ्रॉस्ट झाल्यावर कॉइलवरचं पाणी बाष्प होऊन खोलीत परत येत असेल, तर दिवसातून कितीतरी वेळा फुलं ओली होतात आणि पटलावर आकडा मात्र "२.०" दिसतो. तापमापक दाराजवळ आणि हवेत न टांगता खोक्यात, कळीच्या बुडाशी खुपसा.

बाहेर काढतानाही तेच. बाहेर २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १६-१७ अंशांवर असतो. २ अंशांचं फूल अशा हवेत उघडं केलं की न्हाऊन निघतं. खोका बंद ठेवा, आतलं तापमान १७ च्या वर आलं की उघडा. किंवा १०-१२ अंशांच्या, कोरड्या हवेच्या मधल्या खोलीतून न्या.

रानजाई
वाचतेय. वाचनखूण साठवली.

एक शंका: काढणीआधी बुरशीनाशक मारण्याबद्दल कुणीच बोललं नाही?

बुरशीमित्र
फवारणी निरुपयोगी नाही, पण "जोरात" हा शब्द काढा. बोट्रायटिस ही प्रतिकारशक्ती कमावण्यात पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी. बुरशीनाशकांच्या बेन्झिमिडॅझोल गटाला ती फार पूर्वी सरावली, नंतरच्या गटांनाही सरावते. एकच गट पुन्हा पुन्हा वापरला तर तुम्ही स्वतःच निवड करून घट्ट बुरशी पैदा करता. गट बदलत राहायचे, लेबलवरची मात्रा आणि फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस पाळायचे. त्याहून मोठा परिणाम शेतात पडलेली फुलं, वाळक्या पाकळ्या आणि छाटणीचे तुकडे रोज उचलण्याने होतो. बीजाणू तिथेच तयार होतात. प्रतवारीच्या टेबलाखालची पाकळ्यांची रास हाही कारखानाच.

शिवाय आदल्या दिवशीच्या फवारणीने फूल पुन्हा ओलं होतं. ही गंमत कुणी लक्षात घेत नाही.

कोयनेल
आता आंब्याकडे येऊ. थंडोबांनी इजा सांगितली, पण देठाकडची कूज आणि काळे डाग ही दोन निराळी प्रकरणं आहेत.

काळे, किंचित खोलगट, एकमेकांत मिसळत जाणारे डाग म्हणजे करपा, कोलेटोट्रायकम. फळ सुपारीएवढं असतानाच बीजाणू पावसाच्या किंवा दवाच्या थेंबातून सालीवर येतो, रुजतो, सालीला चिकटणारी एक गाठ तयार करतो आणि तिथेच थांबतो. कच्च्या सालीत बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात. फळ पिकू लागलं की ती कमी होतात आणि थांबलेला पाहुणा जेवायला बसतो. म्हणून फळ काढताना निष्कलंक आणि पिकताना डागाळलेलं. विकणारा म्हणतो माल चांगला होता, घेणारा म्हणतो सडका निघाला, आणि दोघंही खरं बोलत असतात.

देठकूज वेगळी. लॅसिओडिप्लोडिया आणि तिच्या नात्यातल्या बुरश्या फांदीच्या आतच राहतात आणि देठातून फळात उतरतात. देठाभोवती तपकिरी कडं येतं आणि दोन-तीन दिवसांत ते बोटभर खाली सरकतं. झाडावरच्या वाळक्या काड्या छाटणं, फळ जमिनीला न टेकवणं आणि काढणीनंतर फळ भराभर थंड करणं, एवढंच हातात असतं.

कोयनेल
(मागचा प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा.)

करप्यावर चालतो तो गरम पाण्याचा उपचार: ५२ ते ५५ अंश, ५ ते १० मिनिटं. ५२ ला १० आणि ५५ ला ५ अशा अंगाने घ्यायचं. बुरशी सालीच्या वरच्या थरात असते, त्यामुळे गर तापवायची गरज नसते. फळमाशीसाठीची प्रक्रिया यापेक्षा वेगळी. ती ४६ ते ४८ अंशांना तासभर किंवा जास्त चालते कारण तिथे गराच्या आतली अळी मारायची असते. दोन्हींची गल्लत करू नका.

इथे चुकतं ते असं. एक, पाणी फिरवलेलं नसतं, मग टाकीच्या तळाला ४९ आणि हीटरजवळ ५७ असे अंश मिळतात. एका कोपऱ्यातली फळं कच्ची उपचारलेली, दुसऱ्यातली भाजलेली. पंप लावा आणि तीन ठिकाणी तापमान मोजा. दोन, एकदम खूप फळं टाकली की पाणी थंड पडतं आणि घड्याळ चालूच राहतं. पाणी अर्ध्या अंशापेक्षा जास्त उतरणार नाही एवढीच फळं एका वेळी टाकायची. तीन, कोवळं फळ. न भरलेल्या फळाची साल या तापमानाला भाजते, खांद्याजवळ फिकट तपकिरी चट्टे येतात आणि लोक त्यालाही करपाच समजतात.

उपचारानंतर फळ सुकवून थंड करायचं. गरम फळ ओलंच खोक्यात भरलं तर केलेलं सगळं पाण्यात.

शंकासुर
"केलेलं सगळं पाण्यात" यावर दाद द्यायची की नाही?

कोयनेल
ओघात आलं राव.

हिरवादेठ
चिकाबद्दल कुणी बोललं नाही. देठ मोडताच फवाऱ्यासारखा जो चीक उडतो त्यात टर्पिनोलीनसारखी तेलं असतात. ती सालीला जाळतात आणि जळालेल्या पट्ट्यावर बुरशी बसते. ४-५ सेंटिमीटर देठ ठेवून फळ काढायचं, सावलीत आणून देठ अर्ध्या सेंटिमीटरवर छाटायचा आणि फळ लगेच जाळीवर देठ खाली करून पालथं ठेवायचं, साधारण अर्धा तास. देठ जमिनीवर टेकवायचा नाही, मातीतल्या बुरश्या तिथूनच आत शिरतात. धुवायच्या पाण्यात अर्धा ते एक टक्का चुना असला तर चीक सालीला कमी धरतो.

गाळणी
धुण्याचा विषय निघालाच आहे तर क्लोरीन. याबद्दल गैरसमज भरपूर. क्लोरीनचं पाणी फळातला रोग बरा करत नाही. ते फक्त पाण्यातले बीजाणू मारतं, म्हणजे एका सडक्या फळाचा प्रसाद टाकीतल्या हजार फळांना वाटला जात नाही. जखमेत शिरलेल्या बीजाणूला ते पोचतही नाही.

मात्रा: ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पाण्यात १ मिली म्हणजे ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग). फळांसाठी १०० ते १५० पीपीएम पुरतं, म्हणजे १०० लिटरला २०० ते ३०० मिली. पीएच ६.५ ते ७.५. आठच्या वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखं, सहाच्या खाली गेला की वायू होऊन उडतं आणि कामगारांचे डोळे चुरचुरतात. माती, पानं, चीक यांत क्लोरीन खर्च होतं, म्हणून सकाळी टाकलं आणि संध्याकाळपर्यंत चाललं असं होत नाही. दर तासाला पट्टीने तपासायचं, गढूळ झालं की पाणी बदलायचं.

आणि एक कळीची गोष्ट. गरम फळ थंड पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी बीजाणूंसकट आत ओढलं जातं. टोमॅटो, आंबा, सफरचंद, सगळ्यांत हे होतं. धुण्याचं पाणी गराच्या तापमानापेक्षा ५ अंशांनी जास्त ठेवायचं.

पहाटतोडणी
हे माहीत नव्हतं. आमच्याकडे बर्फाचं पाणी वापरतात. आता कळलं.

सालपट
लिंबूवर्गीय फळांतही चित्र असंच, फक्त खलनायक निराळे. हिरवी बुरशी आणि निळी बुरशी, दोन्ही पेनिसिलियम. ओळखायची खूण: हिरव्या भुकटीभोवती रुंद पांढरा पट्टा असेल तर हिरवी, पट्टा अगदी अरुंद असेल तर निळी. हिरवी शेजारच्या फळावर नुसती भुकटी उडवते. निळी स्पर्शातून शेजारच्या निरोगी फळात शिरते आणि थंडीतही जास्त तग धरते, म्हणून शीतगृहात तिचे पुंजके सापडतात. दोघींनाही आत जायला जखम लागते. नखं कापलेली, हातमोजे घातलेले, देठ दोनदा कापलेला म्हणजे आधी लांब आणि मग सालीलगत, एवढ्यावर निम्मी लढाई. फळावर दंव असताना तोडायचं नाही, तेव्हा साल ताठ असते, तेलाच्या पिशव्या फुटतात आणि डाग पडतात.

धुतल्यावर ३ टक्के खायच्या सोड्याचं पाणी, १०० लिटरला ३ किलो, मिनिट-दोन मिनिटं. तो बीजाणू मारत नाही, जखमेत बसून त्याला रुजू देत नाही. म्हणून नंतर खळखळून धुवायचं नाही.

इमॅझॅलिल हे बुरशीनाशक लावूनही पातळ पाणी सुटणारी, आंबूस वासाची कूज आली तर औषधाला दोष देऊ नका. ती आंबट कूज, जिओट्रायकमची. तिच्यावर इमॅझॅलिल चालतच नाही. आंबट वासाला चिलटं येतात आणि तीच ती पसरवतात.

तिसराडबा
धागा गुलाबाचा होता ना? फुलदाणीतल्या पाण्यात तांब्याचं नाणं टाकलं की फुलं टिकतात असं म्हणतात. ॲस्पिरिनही. खरं काय?

गाळणी
नाण्याचं तांबं साध्या पाण्यात पुरेसं विरघळतच नाही. ॲस्पिरिनने पाणी थोडं आम्ल होतं, इतकंच.

देठपुराण
तिसराडबा, प्रश्न चांगला आहे, कारण काढणीनंतर गुलाब मरतो तो बुरशीने कमी आणि तहानेने जास्त. पाण्यात उभा राहून तहानेने! देठाच्या कापावर जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि नळ्या तुंबतात. पाण्यात जिवाणू मिलीलिटरला दहा लाखांच्या वर गेले की ओढ कमी होऊ लागते. वरचं फूल बाष्प सोडतच असतं, खालून पाणी येत नाही, आणि सर्वांत कोवळा भाग म्हणजे कळीखालचा दांडा वाकतो. गुलाब मान टाकतो तो असा. फार कच्ची कळी काढली असेल तर दांडा मुळातच कोवळा, मग आणखी लवकर.

१० लिटरचं द्रावण: साखर १०० ते २०० ग्रॅम, सायट्रिक आम्ल ३ ते ५ ग्रॅम आणि जंतुनाशक. पीएच ३.५ ते ४ यायला हवा. पाणी जड असेल तर ५ ग्रॅम आम्लानेही पीएच हलत नाही, तेव्हा ग्रॅमवर न जाता पट्टीवर जा.

रानजाई
जंतुनाशक म्हणून वरचंच क्लोरीन ५० पीपीएम घालायचं का?

गाळणी
आम्लात नको! वर लिहिलंय बघा, सहाच्या खाली क्लोरीन वायू होऊन उडतं. दाट हायपोक्लोराइट आणि दाट आम्ल एकत्र ओतणं तर सरळ धोक्याचं, कोंदट खोलीत श्वास कोंडेल. आम्लाच्या द्रावणात ॲल्युमिनियम सल्फेट २०० ते ३०० पीपीएम किंवा ८-हायड्रॉक्सीक्विनोलिन सायट्रेट २०० ते २५० पीपीएम घ्या. क्लोरीन बादल्या घासायला आणि साध्या पाण्यात.

साखर मात्र जंतुनाशकाशिवाय कधीही नाही. ती फुलाआधी जिवाणूच खातात.

देठपुराण
बरोबर, तो मुद्दा माझ्याकडून स्पष्ट व्हायला हवा होता.

क्रेटकरी
देठ पाण्याखाली कापायचा हे कुणी सांगितलं नाही. हवेत कापला की नळीत हवेचा बुडबुडा अडकतो.

देठपुराण
अर्धसहमत. बुडबुडा अडकतो हे खरं. पण ज्या बादलीतल्या पाण्याखाली शंभर देठ कापले, ते पाणी एकशे-एकाव्या देठासाठी जिवाणूंचा रस्सा असतं. हवेत धारदार कात्रीने २-३ सेंटिमीटर कापून लगेच स्वच्छ, आम्ल पाण्यात ठेवलं तर बुडबुडा बहुधा विरघळून जातो. वाळलेल्या फुलाला ४० अंशांचं कोमट पाणी चांगलं चढतं. बोथट कात्रीने मात्र नळ्या चिरडतात, त्याला कुठलंच पाणी उपयोगी नाही.

क्रेटकरी
पाणी दर वेळी बदललं तर?

देठपुराण
तर माझी हरकत नाही. बदलतं कोण?

हिरवादेठ
जरबेराला हे नियम तसेच लावू नका. जरबेरा कापत नाहीत, उपटतात. बुडाशी जी लालसर, चिवट टाच येते तिच्यातून पाणी चढत नाही, ती २ ते ४ सेंटिमीटर कापून टाकायची. दांड्यावर लव असते आणि दांडा बुडवला की ती लव जिवाणूंचं गोकुळ. म्हणून पाणी ५-७ सेंटिमीटरच. क्लोरीन ५० ते १०० पीपीएम काही तास देता येतं, पण त्याहून जास्त झालं तर दांडा पांढरट पडून मऊ होतो. जरबेरा फ्लोराइडलाही हळवा, १ पीपीएमलाच पाकळ्यांची टोकं करपतात.

ग्लॅडिओलस उभाच ठेवा, आडवा ठेवला की शेंडा वर वळतो आणि तसाच राहतो. त्याला २० टक्के साखरेचं द्रावण एक रात्र दिलं की वरच्या कळ्याही उमलतात. गुलाबाला तेवढी साखर दिली तर पानं करपतील. नरगिसाचा कापल्यावर जो चिकट स्राव येतो तो ट्यूलिपला मारक, तेव्हा आधी नरगिस एकटा वेगळ्या पाण्यात रात्रभर ठेवायचा आणि मग देठ न कापता एकत्र करायचा. कापला तर स्राव पुन्हा सुरू.

थंडोबा
मूळ खोलीकडे परत येतो. इथिलीन राहिलं, म्हणजे फळं पिकवणारा आणि फुलं कोमेजवणारा वायू. पिकणारं फळ, सडणारं फळ आणि बुरशी लागलेलं फूलही इथिलीन सोडतं. कार्नेशन ०.१ पीपीएमलाही पाकळ्या आत वळवून झोपी जातं. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन वाटाण्याची रोपं वाकडी करतं हे दाखवलं, तेव्हापासूनची ही ओळख. गुलाब जातीनुसार बदलतात, काहींची पानं आणि पाकळ्या गळतात. जरबेरा आणि शेवंतीला फारसा फरक पडत नाही.

संरक्षणाचे दोन मार्ग. एसटीएस (सिल्व्हर थायोसल्फेट), जे १९७८ पासून माहीत आहे, आणि १-एमसीपी (१-मेथिलसायक्लोप्रोपीन), ज्याचं पेटंट सिस्लर आणि ब्लँकेनशिप यांना १९९६ मध्ये मिळालं. दुसरं वायुरूप असतं, बंद खोलीत १२ ते २४ तास द्यायचं. फुलात इथिलीन ओळखणारी नवी केंद्रं तयार होत राहतात, म्हणून त्याचा असर काही दिवसांनी उतरतो.

रानजाई
एसटीएस घरी बनवता येतं का? म्हणजे प्रयोगशाळेत.

गाळणी
येतं. ०.३४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट २० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात. १.९८ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट (पाच पाण्याचं) ८० मिलीत. पहिलं दुसऱ्यात थेंब थेंब, सतत ढवळत. उलट ओतलं तर तपकिरी-काळा साका बसतो आणि चांदी वाया. नळाचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे नायट्रेट दुधासारखं होतं. हे १०० मिली २ लिटर करा, १ मिलिमोलर झालं. कार्नेशनचे देठ साधारण तासभर, खोलीच्या तापमानाला. जास्त वेळ ठेवलं तर पानांवर काळे डाग. उरलेलं गटारात ओतायचं नाही, चांदी जलचरांना विषारी आहे. गोळा करून ठेवा. कित्येक ठिकाणी याच कारणाने ते आता वापरत नाहीत.

पहाटतोडणी
सगळ्यांचे आभार. आंबे वेगळ्या खोलीत, १३ अंशांवर. बाही फूल थंड केल्यावरच. पण एक अडतंय. गुलाबाचे ठिपके शेतात लागले की खोक्यात, हे ठरवायचं कसं? दोन्ही ठिकाणी एकदम सुधारणा जमणार नाही.

बुरशीमित्र
ओल्या पिशवीची चाचणी करा. एकाच वाफ्यातल्या ४० कळ्या काढताक्षणी घ्या, प्रतवारीच्या टेबलावर पोचायच्या आत. २० कळ्या स्वच्छ पाण्यात उभ्या करून वर ओल्या टिपकागदासह प्लॅस्टिकची पिशवी, २० ते २२ अंशांना, ३ दिवस. उरलेल्या २० तशाच, पण पिशवी न घालता, कोरड्या हवेत. त्याच दिवशी त्याच वाफ्यातल्या आणखी २० नेहमीच्या वाटेने खोक्यात जाऊ द्या.

पिशवीतल्या २० पैकी १२-१५ ठिपकाळल्या तर बीजाणू शेतातूनच येताहेत, आधी शेत झाडा. पिशवीतल्या दोन-तीनच आणि खोक्यातल्या दहा, तर टेबल, बाही आणि दव यांच्याकडे बघा. कोरड्यातल्याही ठिपकाळल्या तर बुरशी फुलात आधीच शिरलेली आहे, त्या लॉटला लांबचा प्रवास घडवू नका.

शंकासुर
आणि तिन्हीकडे ठिपके आले तर?

बुरशीमित्र
तर टेबलाखालची पाकळ्यांची रास आधी उचला, मग पुन्हा चाचणी.

पहाटतोडणी
रास आहे. आताच बघितली.